खरखर

पुनरुत्थानाच्या जागरणविधीत अंधारातून उजेडाकडे येण्याचा एक क्षण असतो. आमच्या लोणावळ्याच्या चर्चमधली मुले त्या क्षणाची वर्षभर वाट पाहत असतात. पास्काच्या मेणबत्तीवरून एकाची ज्योत दुसऱ्याकडे जाते, जुन्या करारातली वाचने होतात, आणि ग्लोरियाचा पहिला शब्द उच्चारताच सगळे दिवे एकदम लागतात, घंटा वाजू लागतात व गायकवृंद आपला सारा दम लावून गाऊ लागतो. ८ एप्रिल २०२३ च्या रात्री नेमक्या या क्षणी माझ्या सतरा वर्षांच्या पुतण्याने आपल्या वडिलांच्या गिटारचे आवाजाचे बटण करंगळीने फिरवले, आणि कुणीतरी पत्र्यावर वाळू ओतावी तशी खरखर स्पीकरमधून बाहेर पडली. मग गिटार गप्प झाली, मग एकदम ओरडली, पुन्हा गप्प झाली. फादरांनी वळूनही पाहिले नाही, हा त्यांचा मोठेपणा. बाकीच्या सगळ्यांनी मात्र पाहिले.

पोरगे घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाही. वहिनींनी ईस्टरचे जेवण वाढले, तेव्हा तो म्हणाला, “काका, पप्पांच्या हातात ही कधी अशी वागली नाही.” हे खरे नव्हते. शेवटची दोन वर्षे दादाच्या हातातही ती खरखरत होती. पण कुठल्या जागी बटण थांबवायचे नाही हे दादाला ठाऊक झाले होते आणि तो ती जागा चटकन ओलांडून जात असे. दादा २०२१ साली गेला. जाताना ती जागा कुणाला सांगून गेला नाही.

ही गिटार दादाने १९९४ साली मुंबईहून आणली. कलकत्त्यात बनलेली, गर्द तपकिरी रंगाची, चार हात फिरलेली. हॉटेलात वाजवणाऱ्या एका गोवेकर वादकाने ती विकायला काढली होती. तेव्हा दादा तळेगावला कारखान्यात फिटर होता. पगाराच्या पाकिटातून हप्त्याहप्त्याने त्याने पैसे फेडले, आणि तारा आणायला म्हणून वर्षातून दोनदा धोबी तलावाला फुर्ताडोसच्या दुकानात जाऊ लागला. घरात आनंदीआनंद झाला असे मात्र नाही. आमच्या मोठ्या काकांच्या लेखी चर्चमधले वाद्य म्हणजे पेटी. विजेची गिटार म्हणजे सिनेमा, आणि सिनेमा म्हणजे १९७१ सालचे ‘दम मारो दम’. त्या गाण्यातली गिटार भूपिंदर सिंग यांची, आणि ती त्यांनी काय सुरेख वाजवली आहे! पण काकांना तिच्यात चिलमीचा धूर तेवढा दिसे. दादा वाद घालत नसे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ सालच्या उपासनाविषयक दस्तऐवजात पाइप ऑर्गनला मानाचे स्थान दिले आहे, पण उपासनेला शोभतील अशी इतर वाद्येही अधिकारी धर्माध्यक्षांच्या संमतीने चालतील असे म्हटले आहे, एवढे तो एकदा शांतपणे म्हणाला. काका म्हणाले, “शोभतील, हा शब्द ऐकलास ना?” दादाने तो शब्द जन्मभर ऐकला. प्रतिसादाच्या स्तोत्राला तो आवाज इतक्या हळुवारपणे वर आणी की गिटार केव्हा सुरू झाली हे कळत नसे. शब्द संपला की ती तशीच विरून जाई. ही सारी करामत उजव्या हाताच्या करंगळीची आणि त्या एका बटणाची होती. काकांच्या शेवटच्या आजारात त्यांनी दादाला घरी येऊन वाजवायला सांगितले, यावरून काय ते समजावे.

तेव्हा प्रश्न एका बटणाचा होता आणि नव्हताही. ईस्टरनंतर दोन रविवार पुतण्या गिटार न घेता गायला उभा राहिला. तिसऱ्या रविवारी तो गेलाच नाही. वहिनी मला म्हणाल्या, “भावजी, एखाद्या गरजू पोराला देऊन टाकू या का ती? घरात नुसती पडून राहिलेली मला पाहवत नाही.” मी म्हटले, पावसाळ्यापर्यंत थांबा.

मी रेल्वेतला कारकून. पण आमचे बाबा रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते, त्यामुळे डाग देण्याची लोखंडी कावी, राळ, कथील आणि सुईचा मीटर या वस्तू आमच्या घरी ताट-वाट्यांइतक्याच परिचयाच्या. तरीही पहिली चूक मी केलीच. बिजागऱ्यांना मारतात तो तेलकट फवारा मी बटणाच्या फटीतून आत मारला. दोन दिवस गिटार मुकाट राहिली, मला विजय मिळाल्यासारखे वाटले. तिसऱ्या दिवशी खरखर परत आली आणि शिवाय बटण सैल झाले. आतल्या दांड्याला एक जाडसर वंगण लावलेले असते, त्यामुळेच बटण लोण्यातून फिरावे तसे फिरते. माझ्या फवाऱ्याने ते धुऊन नेले होते. आता करंगळी लागताच आवाज कुठल्या कुठे पळे. अशा कामासाठी स्पर्शबिंदू साफ करण्याचा वेगळा फवारा मिळतो. त्याने धुळीची खरखर जाते, झिजेची जात नाही. आमची झिजेची होती.

हे कळले ते वस्तू उघडल्यावर. ज्याला वादक नुसते ‘पॉट’ म्हणतात आणि आपले रेडिओ दुरुस्त करणारे ‘व्हॉल्यूम कंट्रोल’, तो पोटेन्शिओमीटर म्हणजे पत्र्याच्या डबीत बंद केलेली एक साधी युक्ती आहे. घोड्याच्या नालेसारखी एक पट्टी, तिच्यावर कार्बनचा काळा लेप. पट्टीच्या दोन टोकांना दोन पाय, आणि मधला तिसरा पाय एका स्प्रिंगदार जिभेला जोडलेला. बटण फिरवले की ही जीभ काळ्या पट्टीवरून सरकते. एका टोकाला गिटारचा सारा आवाज, दुसऱ्या टोकाला जमीन. जीभ जिथे असेल तेवढा वाटा पुढे जातो. आता तीस वर्षे दर रविवारी, नाताळला आणि लग्नांमध्ये ही जीभ एकाच वाटेने गेली तर काय होणार? मावळातल्या पायवाटांचे जे होते तेच. दादाची करंगळी जिथे घुटमळत असे तिथला लेप पार उडाला होता. भिंगातून मला ती जागा पांढुरकी दिसली. पट्टीवरची इतर जागा अजून काळीभोर होती.

त्यात आमचा पाऊस. लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर इथे कपाटात बल्ब लावून कपडे ठेवावे लागतात आणि मिठाच्या बरणीला पाणी सुटते. दादा गिटारही त्याच बल्बच्या कपाटात ठेवी. तरी डबीच्या पत्र्याला तांबेरा चढलाच होता. पायांवरचा मुलामा काळवंडला होता.

नवा पॉट घ्यायचा तर जुना किती ओहमचा हे आधी कळायला हवे. डबीच्या पाठीवर तो आकडा छापलेला असतो, पण आमच्या डबीच्या पाठीवर कुणीतरी कथलाचा एवढा मोठा गोळा चढवला होता की आकडा त्याखाली कायमचा गाडला गेला होता. मग मोजणे आले. बाबांची शिकवण अशी की जोडलेली वस्तू मोजायची नाही. आधी तिचे पाय सोडवायचे आणि मग मीटर लावायचा. मी उतावीळपणे तशीच मोजली तर सुई आठ हजारांवर. अर्थात! ते मोजमाप पॉटचे नव्हतेच, समांतर जोडलेल्या पिकअपच्या तारेच्या वेटोळ्याचे होते. पाय सोडवून पुन्हा मोजले, तर ३१० किलोओहम. मला हा आकडा विचित्र वाटला. ज्या पिकअपमध्ये गुणगुण मारण्यासाठी दोन वेटोळी शेजारी शेजारी बसवलेली असतात त्यांच्याबरोबर साधारणपणे ५०० किलोओहमचा पॉट वापरतात, आणि एकेरी वेटोळ्याच्या पिकअपबरोबर २५० चा. आमची दुहेरी. तेव्हा हा मुळात ५०० चाच असणार, म्हातारपणामुळे उतरला असेल, असे मी धरून चाललो. ते धरून चालणेच पुढे मला भोवले, पण ते नंतर. टोनचा पॉट मोजला, तो ४८० निघाला आणि त्याची सुई पहिल्यापासून शेवटपर्यंत कुठेही न अडखळता फिरली. तो मी तसाच राहू दिला. एक बिघडले म्हणून सगळेच बदलण्याची हल्ली जी हौस आहे ती मला पटत नाही.

जुलैच्या एका शनिवारी मी लोकलने पुण्याला गेलो. मळवली, कामशेत, वडगाव, तळेगाव, सगळी गाडीभर ओल्या छत्र्या. शिवाजीनगरला उतरून बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासच्या बाजारात शिरलो. तिथे ५०० किलोओहम म्हणताच चहाच्या किमतीत पॉट हातात पडला. पाठीवर ‘बी ५०० के’ असे छापलेले. मी ५०० पाहिले, ‘बी’ पाहिला नाही. घरी येऊन बसवला, खरखर गेली, वहिनींनी देवाचे आभार मानले, आणि १५ ऑगस्टला मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या मिस्सेला पुतण्या चार महिन्यांनी गिटार घेऊन उभा राहिला.

ध्यानगीताला त्याने आवाज हळूहळू कमी करायला घेतला. बटण निम्मे फिरले, आवाज तेवढाच. आणखी फिरले, तरी जवळजवळ तेवढाच. आणि मग शेवटच्या बोटभर अंतरात आवाज विहिरीत पडावा तसा नाहीसा झाला. पुन्हा वर आणताना तोच प्रकार उलट. शांत चर्चमध्ये एकदम गिटार किंचाळली. तेलगोळा तुटून पडावा तसे त्या पोराचे तोंड झाले.

दोष बाजाराचा नव्हता, माझ्या अज्ञानाचा होता. ‘बी’ म्हणजे सरळ चढणारा पॉट. बटण निम्मे फिरले की विरोधही निम्मा. कागदावर हे अगदी न्यायाचे दिसते, पण कान असा न्याय करत नाही. वाचकांनी जागरणविधीच आठवावा. काळोख्या चर्चमध्ये पहिली मेणबत्ती पेटते तेव्हा केवढा फरक पडतो! शंभर मेणबत्त्या जळत असताना एकशे एकावी पेटली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. कानाचेही तसेच आहे. कमी आवाजात थोडीशी भर खूप वाटते, मोठ्या आवाजात पुष्कळ भरही थोडी वाटते. म्हणून आवाजाच्या बटणासाठी मुद्दाम वाकड्या चढाचा पॉट बनवतात, त्याच्यावर ‘ए’ छापलेला असतो. तो निम्मा फिरला असता जेमतेम दहा-पंधरा टक्के वाटा पुढे जाऊ देतो, आणि कानाला मात्र ते चढणे एकसारखे वाटते. यातही एक फसगत आहे. युरोपातल्या जुन्या मालावर हीच अक्षरे उलट अर्थाने छापलेली सापडतात. म्हणून अक्षरावरही भिस्त ठेवू नये, बटण मध्यावर ठेवून मीटरने खात्री करून घ्यावी. काही वादकांना सरळ चढाचाच पॉट आवडतो, त्यांच्याशी माझे भांडण नाही. ते जोरात वाजवतात. दादाला ‘ए’शिवाय चालले नसते.

त्या रात्री मी बाबांच्या पेटीतला सुईचा मीटर काढून पुसला आणि ठरवले, आता एकदाच, पण नीट.

पुतण्याने घरबसल्या दोन अमेरिकन पॉट मागवले. सी.टी.एस. ही ती कंपनी, १८९६ साली ‘शिकागो टेलिफोन सप्लाय’ या नावाने सुरू झालेली, आणि गिटारच्या जगात तिचा दबदबा मोठा. तिच्या जुन्या पॉटच्या पाठीवर १३७ हा आकडा असतो व त्यापुढच्या आकड्यांत वर्ष आणि आठवडा. त्यावरून लोक गिटारचे वय काढतात. बाबांना हे फार आवडले असते. रिले कुठल्या सालचा हे पाहिल्याशिवाय ते त्याला हात लावत नसत. मी स्वतः रेल्वेने मुंबईला गेलो, दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आताच्या डॉ. भडकमकर मार्गावर, तीन दुकाने पालथी घालून तैवानच्या अल्फा कंपनीचे चार पॉट आणले. सगळे ‘ए ५०० के’.

रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून आम्ही काका-पुतणे सहा पॉट मांडून बसलो. पहिली गोष्ट, आकडा. सहाही डब्यांवर ५०० छापलेले, पण मीटरने सांगितले ५२७, ४६१, ४८८, ५०२, ४३६, ५११. पोराला वाटले आपल्याला फसवले. फसवणूक नाही. कार्बनच्या लेपाची जाडी मुठीत धरता येत नाही, म्हणून कारखाने वीस टक्के इकडेतिकडे होण्याची सूट घेतात, चांगल्या मालात दहा टक्के. तेव्हा ४०० पासून ६०० पर्यंत काहीही ५०० या नावाखाली विकले जाऊ शकते. दुकानदाराने कुरकुर केली तरी चालेल, पण मीटर खिशात असावा.

दुसरी गोष्ट मला आकड्यापेक्षाही महत्त्वाची वाटते. आकडे दाखवणाऱ्या नव्या मीटरवर ती दिसत नाही. सुईचा मीटर मधल्या आणि टोकाच्या पायाला लावायचा आणि बटण अगदी सावकाश, तांदळात खडा शोधावा तशा सावकाशीने, फिरवायचे. सुई वाहत्या पाण्यासारखी गेली पाहिजे. कुठे दचकली, कुठे क्षणभर मागे आली, तर त्या जागी लेप विरळ आहे, आणि आज जिथे सुई दचकते तिथे उद्या चर्च दचकेल. सहांपैकी एक पॉट इथेच बाद झाला. तो स्वस्तातला होता असे लिहिण्याचा मोह होतो, पण तो दोन महागांपैकी एक होता, ४६१ वाला.

मग हात. दांडा धरून आडवा हलवून पाहिला, डगमगता कामा नये. फिरवून पाहिला, जडही नको आणि सैलही नको. हे मोजता येत नाही. मी पुतण्याच्या हातात एकेक दिला आणि डोळे मिटून करंगळीने फिरवायला सांगितले. ज्याला वाजवायचे आहे त्याच्या करंगळीला कळते. सी.टी.एस. त्याला थोडा जड लागला. दिवसभर वाजवून बटण जागचे हलू नये असे ज्यांना वाटते त्यांना हा जडपणा हवाच असतो. त्याच्या वडिलांच्या पद्धतीला तो सोयीचा नव्हता.

आणि शेवटी मापे. इथे मोठ्या नावाची गंमत झाली. अमेरिकन पॉटची मान इंचाच्या तीन अष्टमांश जाडीची, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. आमच्या गिटारचे भोक आठ मिलिमीटरचे. दांड्यावरचे दातेही वेगळे, त्याच्यावर चोवीस, आमच्या बटणाला अठरा लागतात. ठोकून बसवले तर जुने बटण तडकणार. गोल कानशीने भोक वाढवता आले असते, कानस घरात होती, पुतण्या तिला हात घालायला निघालाही होता. मी त्याला थांबवले. दादाच्या लाकडाला कानस लावायची माझी हिंमत झाली नाही, आणि तैवानचा ५०२ वाला पॉट जर त्याच भोकात, त्याच बटणाखाली, सुई न दचकवता बसत असेल तर लावावी तरी कशाला? गिटारचा माथा जाड असेल तर लांब मानेचा पॉट लागतो, हेही आधी पाहिलेले बरे. आमची आखूड मान पुरली.

जोडताना बाबांची साठ वॉटची कावी कामी आली. डबीच्या पाठीवर जमिनीच्या तारांना डाग द्यायचा असतो. पाठ पॉलिश कागदाने घासून घेतली आणि कावी चांगली तापलेली असली की काम दोन-तीन सेकंदांत होते. अशक्त कावी टेकवून बसले की डबी सावकाश तापत जाते, डाग कच्चा राहतो आणि आतला लेप मात्र भाजतो. बहुतेक नवे पॉट घरच्या घरी असेच मरतात.

संध्याकाळी पुतण्याने गिटार स्पीकरला जोडली. खरखर नाही, दचकणे नाही. आवाज शून्यातून आला आणि शून्यात गेला. मी खुशीत चहा मागितला. स्वयंपाकघरातून वहिनी आल्या, हातात पोळीचे पीठ तसेच, दारात उभ्या राहून थोडा वेळ ऐकले आणि म्हणाल्या, “छान झाली. पण हा ह्यांचा आवाज नाही.”

मी त्यांना समजावू लागलो की जुना पॉट झिजलेला होता, हा नवा आहे, म्हणून स्वच्छ वाटतो. त्या ऐकून घेऊन आत गेल्या. पण मी पुन्हा ऐकले तेव्हा मलाही ते जाणवले. आवाजाला एक टोक आले होते, काचेच्या कडेसारखे. दादाची गिटार अशी कधी वाजली नव्हती. पुण्याचा पॉट बसवला होता तेव्हाही हे झाले असणार, पण त्या किंचाळण्यापुढे रंगाकडे कुणाचे लक्ष गेले नाही.

रात्री अंथरुणावर पडल्यावर तो आकडा आठवला. तीनशे दहा. पॉट नुसता आवाज कमी-जास्त करत नाही, पूर्ण उघडा असतानाही तो पिकअपवर ओझ्यासारखा लटकलेला असतो. विरोध जितका कमी तितके ओझे जास्त, आणि ओझे जास्त झाले की पिकअपच्या सुरांतली वरची झळाळी दबते. तीस वर्षे आम्ही ज्याला दादाचा मऊ हात म्हणत होतो, त्यात थोडा वाटा या ३१० किलोओहमचा होता. हातही मऊ होता, त्याबद्दल वाद नाही. पॉट झिजून तिथे आला की पहिल्यापासूनच तेवढा होता, हे कथलाच्या त्या गोळ्याखाली दडलेले आहे. मी तो खरवडला नाही.

इलाज फार सोपा निघाला. पाचशेचा पॉट तसाच ठेवून त्याच्या दोन टोकांच्या पायांमध्ये ८२० किलोओहमचा एक रेझिस्टर आडवा जोडला. मुगाएवढी वस्तू, किंमत नाण्यात मोजावी इतकी. दोन विरोध समांतर आले की एकूण विरोध दोन्हींपेक्षा कमी होतो. ५०२ आणि ८२० मिळून हिशोब ३११ वर येतो. चढ तसाच वाकडा राहतो, फिरण्याची गोडी तशीच राहते, फक्त ओझे दादाच्या वेळचे होते. सोमवारी सकाळी वहिनींना न सांगता पुतण्याला वाजवायला लावले. त्या बाहेर आल्या नाहीत. आत भांड्यांचा आवाज तेवढा थांबला.

२०२३ चा नाताळ त्या आवाजात झाला. मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर धुक्यात उभ्या राहिलेल्या दोन-तीन म्हाताऱ्यांनी पोराच्या पाठीवर हात ठेवून त्याच्या बापाचे नाव घेतले. पोराने मान खाली घातली. मला वाटले, आनंदाने.

पुढच्या वर्षी मे महिन्यात तो माझ्याकडे आला. बारावी झाली होती, पुण्याच्या कॉलेजात जायचे होते, तिथल्या मुलांबरोबर वाजवायचे होते. बराच वेळ तारा पुसत बसला. मग म्हणाला, “काका, रागावणार नसाल तर एक विचारू? ते मुगाएवढे आहे ना, ते काढले तर?” मी विचारले, का. म्हणाला, “सगळे म्हणतात अगदी पप्पांसारखी वाजते. मला माझी कशी वाजते ते अजून माहीतच नाही.”

मी वहिनींना विचारायला आत गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या, आमच्याकडचाच इंद्रायणी. “काढा की,” म्हणाल्या, “त्याला सांगा, रविवारी मात्र जरा हळू वाजव.”

गिटार पालथी घालून मागचे झाकण उघडले. मी रेझिस्टर पुरता काढला नाही. पकडीने त्याचा एकच पाय कापला आणि कापलेले टोक कशाला लागू नये म्हणून त्यावर प्लास्टिकची नळी चढवली. दुसरा पाय पॉटला जोडलेलाच ठेवला. पुन्हा कुणाला हवा झाला तर एक डाग द्यायचा, बस्स. पुतण्याने झाकणाचे चार स्क्रू स्वतः आवळले. जुना पॉट त्याने मागून घेतला, आणि तो आता त्याच्या गिटारच्या पेटीत, तारांच्या पाकिटांखाली, कथलाच्या गोळ्यासकट पडून असतो.